राजाच्या फळ्या

"टेप कुठे ठेवलीस गं?"

"कशाला हवीय?"

"साहेबांचं माप घेऊन येतो," हे म्हणाले.

मी चुलीवरचा, लाकूड चिकटवायचा सरस ढवळत होते, ती ढवळायचीच थांबले.

आमच्याकडे शवपेट्या करतात. राजघराण्याच्या पेट्या चार पिढ्या आमच्याच. नवा राजा गादीवर बसला की लगेच सुताराने जाऊन त्याचं माप घ्यायचं आणि फळ्या माळ्यावर सुकत टाकायच्या. चांगलं लाकूड सुकायला वर्षं लागतात आणि मरण काही सांगून येत नाही. शेवटच्या राजाचं माप माझ्या सासऱ्यांनी घेतलं, तेव्हा तो पोट धरून हसला होता म्हणे. "सुतारा, पोटाशी सैल ठेव रे, मी अजून खाणार आहे." राजा काही देवमाणूस नव्हता. त्याच्या बापाच्या शिकारीत आडवे आले म्हणून माझ्या आजोबांना फटके बसले होते, ते जन्मभर लंगडले. पण फळ्या माळ्यावर आहेत हे राजाला ठाऊक असायचं, आणि त्याच्यामागून कोण येणार हे आम्हाला.

मग सेनापतीने राजाला सीमेपार हाकललं आणि स्वतः बसला. गादी म्हणायचं नाही, खुर्ची म्हणायचं. त्याला साहेब म्हणायचं. "आता आपलं राज्य आलं," असं शेजारचा लोहार पहिल्या दिवशी ओरडून सांगत होता. पुढच्या आठवड्यात तोही कुजबुजायला लागला.

"अहो, राजाचं वेगळं होतं. ह्याच्यापुढे मरणाचं नाव काढू नका."

"का? अमरपट्टा घेऊन आलाय का तो? राजाच्या फळ्या तयार आहेत, वाया कशाला घालवायच्या? उंचीला पुरतात का तेवढं बघतो."

"माझं ऐका."

"अगं, राजा काय नि साहेब काय, आडवा झाला की सुताराला सारखाच."

हसत हसत टेप खिशात घातली, धुतलेला सदरा चढवला आणि दुकानाच्या बुटक्या दारातून नेहमीसारखे वाकून बाहेर पडले. माझा नवरा कसबी होता, शहाणा नव्हता.

संध्याकाळी ते परतले नाहीत. सकाळी एक अधिकारी शिपाई घेऊन आला.

"माळ्यावरच्या फळ्या कसल्या?"

"कपाटाच्या."

"नवरा तर म्हणतो पेटीच्या. साहेब मरणार हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? माणूस म्हटला की—"

"नाव सांगा, बाई."

त्याला खरोखरच नाव हवं होतं. मी काय सांगणार, कपाळ? त्यांनी राजाच्या फळ्या रस्त्यावर पेटवल्या, आणि वर दुकानातली काडी न काडी त्यात टाकली. समोरच्या खिडक्या एकेक करून बंद झाल्या.

"ह्यांना सोडाल ना?" मी विचारलं.

"मिळेल नवरा."

मिळाला. तिसऱ्या दिवशी गाडीतून ताडपत्रीत गुंडाळून दारात टाकला.

मी ह्यांच्या पेटीसाठी फळ्या मागायला लाकूडवाल्याकडे गेले. "वहिनी, माझी पोरं लहान आहेत हो," म्हणत त्याने हात जोडले. त्याचं बरोबर होतं हे कळतं मला. तरी राग आला, अजून आहे.

लोहार मात्र आला. दुकानाच्या दाराकडे बघू लागला. दोन झडपांचं जाडजूड दार, सासऱ्यांच्या हातचं.

"वहिनी, बिजागऱ्या माझ्याच आहेत. मीच काढतो."

टेप परत आली नव्हती, म्हणून मी ह्यांना वितीने मापलं. मी करवत चालवली, त्याने खिळे ठोकले. ह्यांनी उभ्या जन्मात कुणाची पेटी तोकडी केली नाही. "आत माणसाला पाय पसरता आले पाहिजेत," म्हणायचे. आमची पेटी वीतभर कमी पडली.

मी ह्यांचे गुडघे हलकेच दुमडले. त्या दारातून ते रोज वाकूनच आत येत.