बांधाजवळची रेघ

मी बत्तीस वर्षं शेवगाव तालुक्यात गणित शिकवलं आणि निवृत्त झालो. राग मात्र अजून नाकावरच असतो. त्यामुळे नववीत शाळा सोडलेली माझी जुनी विद्यार्थिनी रेश्मा एकोणचाळिसाव्या वर्षी बाहेरून दहावीला बसली आणि शिकवणीला माझ्याच ओट्यावर आली, तेव्हा मी आधीच बजावलं, "ओरडलो तर रडायचं नाही."

पोस्टात डाक सेवकाची जागा निघणार होती. त्या जागेला दहावी लागते, गणितासकट. चाळिशीनंतर अर्ज घेत नाहीत, म्हणजे ही शेवटचीच संधी.

परीक्षेला चार दिवस उरले असताना तिनं आलेखाची दहा उदाहरणं सोडवली. दहाही चुकली. मी नुसती उत्तरं बघत लाल पेन चालवत सुटलो. "क्ष अधिक य सात, क्ष वजा य एक. उत्तर पाच आणि चार? डोकं ठिकाणावर आहे का?"

तिनं वही ओढून घेतली. "थांबा सर, घालून बघते. पाचातून चार गेले, एक. हे जुळतंय. पाच न् चार नऊ. हे न्हाई जुळत." दोन्ही रेषा तिनं पुन्हा तपासल्या. त्या बरोबर होत्या. मग बोटानं रेघा मोजत ती छेदनबिंदूपर्यंत गेली आणि एकदम हसली. "सर, मी बांधाजवळची रेघबी मोजली!"

त्यांच्याकडे कपाशी फुलीवर लावतात. रानात उभ्या-आडव्या रेघा ओढायच्या आणि त्या छेदतात तिथं सरकी टोकायची. बांधाजवळची रेघ तिथं पहिली, आलेखात ती शून्य. प्रत्येक उत्तर दोन्हीकडून एकानं जास्त होतं आणि मला, गणिताच्या मास्तरला, ते दिसलं नव्हतं. तिनं तिथंच बसून दहाही उत्तरं दुरुस्त केली. आपली चूक आपणच शोधणारी अशी मुलं मला फार थोडी भेटली. मला तिचं मनापासून कौतुक वाटलं आणि मी ते बोलूनही दाखवलं.

गणितात एकाहत्तर पडले. पेढे घेऊन आली तेव्हा मी पुन्हा चिडलोच. "अगं, रेघा कुठून मोजायच्या, एवढं साधं नववीतच विचारायचं होतंस!"

"विचारलं हुतं, सर. भर वर्गात. तुमी बाहेर उभं केलं."

ती रागानं बोलली नाही. त्यानंतर ती शाळेत आली नव्हती, हे मला तेव्हा आठवलं. आणि तरी बीजगणित शिकायला तिनं माझंच दार वाजवलं होतं.