माझ्या श्वासातले खोबरेल

मी एक फोर-स्ट्रोक मोटोक्रॉस मोटरसायकल आहे. मला दिवा नाही, आरसा नाही, हॉर्नही नाही. रत्नागिरीजवळच्या या वाडीत मला टेम्पोतून उतरवले, तेव्हा शेजारच्या जनीकाकूंनी माझ्याभोवती दोन प्रदक्षिणा घालून विचारले होते, "बाकीची गाडी मागून येणार काय गो?"

माझा जन्म दूरच्या कारखान्यात झाला. तिथून निघताना माझी प्रकृती कशी राखावी हे सांगणारे एक जाड पुस्तक माझ्यासोबत दिले गेले. पहिल्या मालकाने मला वर्षभर उडवले आणि कंटाळून नम्रताच्या हवाली केले. पुस्तक तेव्हाही कोरे करकरीत होते.

नम्रता मला सड्यावर, डोंगरमाथ्याच्या उघड्या कातळात चालवते. माझी देखभाल मात्र तिच्या वडिलांनी, आप्पांनी, स्वतःहून अंगावर घेतली. आप्पांची तीस वर्षे बोटींच्या इंजिनखोलीत गेली आहेत. दसऱ्याला त्यांनी माझ्या हँडलला झेंडूची माळ घातली, पुस्तकाला हळदकुंकू वाहिले आणि ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देवघरात ठेवले.

"अहो, पूजा झाली; आता वाचा तरी," नम्रताची आई कमळाबाई म्हणाल्या.

"बोटीचं इंजिन तिमजली घराएवढं असतं. तेवढं सांभाळलंय मी. ही तर शिवणमशीन!"

मी, आणि शिवणमशीन!

खरे तर माझे शास्त्र अवघड नाही. माझा दट्ट्या, म्हणजे पिस्टन, चार फेऱ्या करतो : हवा आणि पेट्रोल आत ओढायचे, दाबायचे, पेटवायचे, धूर बाहेर टाकायचा. पहिल्याच फेरीला स्वच्छ श्वास लागतो. म्हणून माझ्या सीटखाली स्पंजचा फिल्टर असतो. त्याला एक खास चिकट तेल लावतात. तांबडी धूळ त्यात अडकते आणि हवा तेवढी आत येते.

दोन शर्यतींत मी अर्ध्यावर बंद पडले होते. तिसरी शर्यत जानेवारीत होती. कमळाबाईंनी लेकीला स्पष्ट सांगितले, "या खेपेला शेवटची रेघ ओलांडलीस तर गाडी राहील. नाय तर विकायची. दर वेळी तुला तोंड पाडून टेम्पोतून येताना बघवत नाय मला."

शर्यतीच्या आदल्या दुपारी आप्पांनी माझा फिल्टर धुऊन वाळवला. खास तेलाचा डबा रिकामा निघाला. आप्पा डगमगले नाहीत. या घरात खोबरेल दाराच्या बिजागरीला लागते, विळीला लागते आणि आप्पांच्या गुडघ्यांनाही लागते. मग मीच परकी का? त्यांनी घरच्या घाण्याचे ताजे खोबरेल फिल्टरला सढळ हाताने चोळले. मला सुगंध छान आला, हे मी नाकारत नाही.

पहाटे सड्यावर बोचरी थंडी होती. नम्रताने मला सुरू केले. मी दोनदा ठसकले आणि गप्प झाले. पुन्हा तेच. इतर गाड्या रांगेत उभ्या राहू लागल्या.

"पेट्रोल असेल, प्लग असेल," आप्पा पुटपुटत होते.

तेवढ्यात कमळाबाई म्हणाल्या, "नमू, वेणी कोरडीच घातलीस? हो, बाटलीतलं खोबरेलसुद्धा थिजलंय आज."

आप्पांचे पुटपुटणे थांबले. त्यांनी माझी सीट काढली. फिल्टर पांढराशुभ्र झाला होता. माझे नाक कोणी मेणाने बुजवावे, तशी माझी अवस्था होती.

"आप्पा! काय लावलंत याला?"

शेजारच्या तंबूत अलोरे गावचा मेकॅनिक विनोद होता. 'कालचा पोर' म्हणून आप्पा त्याला नेहमी हिणवत. आज ते त्याच्यासमोर टोपी हातात घेऊन उभे राहिले.

"विनोद, फिल्टर दे रे एक. चूक माझी हाय. पोरीची नाय."

विनोदने तेल लावून पिशवीत ठेवलेला तयार फिल्टर काढला, फिल्टरची बैठक फडक्याने पुसून तो बसवला आणि हसून विचारले, "आप्पा, बोटीतपण खोबरेलच घालायचात काय?"

"घातलं असतं, तर आज तुझ्यासमोर उभा नसतो मेल्या!"

मी पोटभर श्वास घेतला. बाकीचे निघून गेल्यावर आम्ही निघालो. तांबड्या धुळीतून, कातळाच्या पायऱ्यांवरून नम्रताने मला नेले आणि शेवटची रेघ ओलांडली. आमचा क्रमांक शेवटून दुसरा होता.

कमळाबाईंनी नम्रताच्या चेहऱ्यावरची धूळ पदराने पुसली. "रेघेवरनं गेलीस ना? मग झालं. गाडी घरीच येतेय."

त्या संध्याकाळी आप्पांनी देवघरातून पुस्तक काढले. एका पानावर ते थबकले. "नमू, हिचं तेल किलोमीटरवर नाय गो, चालल्या तासांवर बदलायचं! व्हॉल्व्हची फटसुद्धा तासांवरच तपासायची. ही तर आमच्या बोटीसारखीच!" मला इतका मान पूर्वी कोणी दिला नव्हता.

आता मी तासांनी जगते. माझे तेल वेळेवर बदलते, साखळी स्वच्छ असते. वाचकहो, तुमच्या घरीही माझ्यासारखी कोणी असेल, तर तिला फुले वाहा. पण तिने सोबत आणलेले पुस्तकही एकदा उघडा.

यंदाच्या दसऱ्याला मला झेंडूची माळ मिळाली. पुस्तकाची पूजा मात्र राहून गेली. कमळाबाई हळदकुंकू घेऊन दोनदा ओटीवर आल्या. पण आप्पा पुस्तक खाली ठेवायलाच तयार नव्हते.