फरशी गार हाय

"मम्मी, याला पण करंट येतोय."

फरशीवर बसलेल्या सम्राटनं हात झटकन मागं घेतला. नव्या गेमच्या मशीनचं खोकंसुद्धा अजून जमिनीवरच पडलेलं होतं. पहिलं मशीनही असंच करायचं, मागच्या लोखंडी पट्टीला हात लागला की मुंग्या यायच्या. ते जुन्या साडीत गुंडाळून मी कारेगावहून एसटीनं पुण्याला नेलं होतं. सर्व्हिस सेंटरवरचा माणूस म्हणाला, आम्ही चालवून बघितलं, यात काही दोष नाही. सहा वर्षांच्या पोराला करंट लागतो हा दोष नाही तर काय, असं म्हणत मी काउंटरवरून हललेच नाही. शेवटी कंपनीनं नवंकोरं मशीन बदलून दिलं. आणि आता हे.

मी प्लग काढला, सम्राटची बोटं उलटसुलट करून पाहिली आणि कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीनं माझं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, घरात आणखी कशाला करंट येतो का?

अजिबात नाही, मी ठणकावून सांगितलं.

"फ्रीजला येतोय की."

माझ्या सासूबाई बोलल्या. सगळं गाव त्यांना भागुबाई म्हणतं, मी आत्या म्हणते. त्या मेथी निवडत होत्या. मानही वर केली नव्हती.

मी फोन ठेवला. "कधीपासून?"

"तुझ्या लग्नाआधीपास्नं. इस्त्रीला बी येतोय. पदरानं धरलं का न्हाई लागत."

माझा नवरा ज्ञानेश कामावरून आल्यावर मी त्याला चहाही घेऊ दिला नाही. त्यानं फ्रीजच्या दाराला टेस्टर लावला. टेस्टरमधला दिवा पेटला. त्यानं भिंतीवरचा बोर्ड उघडला. भोकं तीन, पण वायरी दोनच. गळका करंट जमिनीत नेणारी तिसरी, अर्थिंगची वायर या घरात कधी नव्हतीच.

घराची वायरिंग माझ्या सासऱ्यांनी, आबांनी, स्वतःच्या हातानं केली होती. पहिला दिवा बाबासाहेबांच्या फोटोवर लावला. पुढं कितीतरी दिवस आल्यागेल्याला बटण दाबून दाखवायचे म्हणे. त्याच भिंतीवर आता आबांचाही फोटो आहे.

"आई, बोलायचं ना गं," ज्ञानेश म्हणाला.

"काय बोलायचं? त्यांच्या कामाला नावं ठिवायची?" आत्यांनी मेथीच्या काड्या गोळा केल्या. "आन् मी हुते की ध्यान द्यायला."

ध्यान द्यायला. मी माझ्या पायातल्या स्लीपरकडं पाहिलं.

लग्न होऊन आले त्या दिवशी त्यांनी माझ्या पुढ्यात रबरी स्लीपर ठेवली होती. घरात घाल, फरशी गार हाय. शेजारच्या सोजरबाईंनी टोमणा मारला होता, "सून घरात चपला घालून हिंडती व्हय?" तेव्हाही आत्या एवढंच म्हणाल्या होत्या, "हिंडू दे. फरशी गार हाय." ज्ञानेशलाही स्लीपर, सम्राट चालायला लागला तशी त्यालाही इवलीशी. त्याला पाणी हवं असलं की गुडघ्यावर हात टेकत स्वतः उठायच्या, फ्रीजला हात लावू द्यायच्या नाहीत. नातवाला लाडावून ठेवलाय म्हणून मी कितीदा कुरकुरले असेन. त्यांच्या पायात मात्र मी कधी काही पाहिलं नाही. उंबऱ्याच्या आत चपला घालणं त्यांना स्वतःला चालायचंच नाही.

रविवारी वायरमन आला. अंगणात खड्डा खणून, मीठ-कोळसा भरून त्यानं अर्थिंग घेतलं. टेस्टर कुठंच पेटेना. आतल्या खोलीत सम्राटच्या गेममधल्या गाड्या सुसाट पळायला लागल्या.

मी स्वयंपाकघरात आले. आत्या फ्रीजपाशी अनवाणी उभ्या होत्या. पदर खांद्यावर होता आणि उघडा तळवा दारावर टेकवलेला.

"काही होतंय का?" मी घाबरून विचारलं.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "आता कायबी न्हाई."

तरी हात त्यांनी बराच वेळ तिथंच ठेवला.