खिडकी हे नाव

"खिडकी? तिकिटाची की काय?" थोरले दीर म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर खो खो हसले. सासूबाईही हसल्या. नवरा हसला नाही, पण चहात बुडवलेलं बिस्किट तुटेपर्यंत त्याने मान वर केली नाही.

"घरांचे नकाशे काढते ना मी, भाऊजी," ती म्हणाली. "लोक आधी विचारतात, कपाटं कुठे. मी आधी बघते, खिडकी कुठे. म्हणून."

दिरांसमोर इतकं सलग ती बहुधा पहिल्यांदाच बोलली. लग्न होऊन आली तेव्हापासून त्यांच्या ऑफिसच्या मागच्या खोलीत ती नकाशे काढत होती. त्या खोलीला खिडकी नव्हती, हे सांगायला नकोच. नकाशाच्या कोपऱ्यात नावाची एक चौकट असते. तिच्या नकाशांवर त्या चौकटीत सासऱ्यांच्या फर्मचं नाव जायचं आणि खाली दिरांची सही. आता ती घरूनच स्वतःची कामं घेणार होती. दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याचं पहिलं काम मिळालंही होतं. चौकटीत काय लिहायचं यावर तिने भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना डोकं शिणवलं होतं. भारदस्त नावं गल्लोगल्ली होती. मग एका दुपारी 'खिडकी' सुचलं आणि रिकाम्या घरात ती एकटीच हसली.

"नाव गोड आहे गं," दीर म्हणाले. "पण तुला ओळखतं कोण? बाबांच्या नावावर लोक डोळे झाकून काम देतात. हे बघ, मी पाटीच करून आणलीय."

त्यांनी वेष्टन सोडलं. पितळी अक्षरांत सासऱ्यांचं आडनाव आणि खाली बारीक 'शाखा'.

सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "ह्यांना किती बरं वाटलं असतं!"

"दादा, खर्च कशाला केलास?" नवरा म्हणाला. म्हणजे संपलंच.

तिला ओरडावंसं वाटलं. पण कोणावर? नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा याच दिरांनी घर चालवलं होतं आणि एका शब्दाने बोलून दाखवलं नव्हतं. भांडायला समोरचा माणूस थोडा तरी वाईट लागतो.

"मला खिडकीच हवंय, भाऊजी."

"अगं, पुढे बघू की! आधी जम तर बसू दे," दीर मायेने म्हणाले आणि उठले.

नवऱ्याने ड्रिल मशीन काढलं. दाराबाहेर स्टुलावर चढून त्याने पाटी भिंतीला लावून धरली. दीर चार पावलं मागे जाऊन बघत होते. "झकास! मार भोक."

ती अनवाणीच बाहेर आली.

"थांबा."

सगळे वळले. दिरांच्या कपाळाला आठी पडली. नवऱ्याचा हात मशीनवर तसाच राहिला. ती पाटीकडे बघत होती.

"डावी बाजू सुताभर खाली आहे," ती म्हणाली.

नवऱ्याने पाटी किंचित उचलली. "आता?"

"आता बरोबर आहे."