घरबसल्या एकोणीस हजार पावलं

आमच्या शाळेच्या अंगणात सकाळी दहानंतर कुणी उभं राहत नसे. सिमेंटची जमीन, सावलीला एक झाड नाही, आणि मागदालेना नदीकाठचं ऊन. मुलं वर्गातून नळापर्यंत उड्या मारत जायची, तेवढाच काय तो व्यायाम. मी मुख्याध्यापिका झाले त्या वर्षापासून अंगणावर छप्पर मागत होते. अकरा वर्षं, अकरा अर्ज.

बाराव्या वर्षी छपराऐवजी एक खोकं आलं. त्यात काडेपेटीएवढी तीस यंत्रं. कमरेला अडकवायची, पाऊल पडलं की आत टिक वाजायचं आणि आकडा पुढे सरकायचा. प्रांतातली पाचवीची मुलं आठ दिवसांत किती हालचाल करतात, ते आरोग्य खात्याला हवं होतं. सोबत तीन पानी पत्र. आमचे व्यायामाचे मास्तर एलिएसेर यांनी पहिलं पान वाचलं आणि तडक वर्गात जाऊन जाहीर केलं, "ज्याची पावलं जास्त, त्याला माझा चामड्याचा फुटबॉल!" उरलेली दोन पानं मीही वाचली नाहीत. आता एवढ्या वर्षांनी ते लपवून काय करू?

पहिल्या दिवशीचे आकडे रडके होते. यादिराचे तर आठशे. ही यादिरा गोल चेहऱ्याची, हुशार, पण जागची हलायची नाही. हाक मारली तर मान वळवायची की नाही याचाही आधी विचार करायची. चौथ्या दिवशी तिच्या यंत्रावर एकोणीस हजार!

"काय गं, समुद्रापर्यंत जाऊन आलीस काय?"

"नाही सेन्यो, घरीच होते."

सेन्यो म्हणजे मीच. आमच्याकडे शिक्षिकेला सगळं गाव त्याच नावाने हाक मारतं. पाचव्या दिवशी अख्खा वर्ग वीस हजारांच्या घरात गेला. एलिएसेर मिशीला पीळ देत हिंडू लागले.

पुढच्या आठवड्यात खात्यातून फोन आला. आमची शाळा प्रांतात पहिली! शुक्रवारी डॉक्टर आमिरा स्वतः मेडल घेऊन येणार. मग तो माणूस म्हणाला, "छपराची मात्र आशा सोडा. ते जिथे मुलं सगळ्यात कमी हलतात त्या शाळेला. तिसऱ्या पानावर लिहिलंय की."

"म्हणजे कुणाला?"

"सध्या तरी सांता रोसाला."

सांता रोसा! त्यांच्या अंगणात आंब्याची दोन झाडं आहेत!

मी यादिराला बोलावलं. "खरं सांग."

"आजीच्या झुलत्या खुर्चीत बसले होते, सेन्यो. एक झोका, एक टिक."

"आणि बाकीच्यांना का सांगितलंस?"

"एकटीने झुलायचा कंटाळा येतो."

एलिएसेरनी दार लावून घेतलं. "सेन्यो, देवाची शपथ, तोंड उघडू नका. या गावाचा आजवर फक्त पुरात पहिला नंबर आलाय."

"आणि मुलांचे पाय भाजतात ते?"

"गळ्यात मेडल असलं की पाय कोण बघतं?"

त्यांचंही खोटं नव्हतं. बोलले तर मेडल जाणार हे नक्की. छप्पर मिळेलच असं नाही. शाळेची छी-थू मात्र फुकट.

शुक्रवारी डॉक्टर होडीतून उतरल्या. सडपातळ बाई, पायात कॅनव्हासचे बूट. मी त्यांना माझ्या घरी नेलं. पाच वाजून गेले होते, म्हणजे गल्लीतल्या सगळ्या झुलत्या खुर्च्या दाराबाहेर आलेल्या. मी त्यांना कोरोसो फळाचं गार सरबत दिलं आणि म्हटलं, "पाहुण्यांनीही एकदा यंत्र लावून बघावं." त्यांनी हसत लावलं आणि माझ्या खुर्चीत बसल्या. त्या खुर्चीत स्थिर बसणं माणसाला शक्य नाही. तासभर त्या तावातावाने सांगत होत्या: एका जागी बसून बसून मुलांची हृदयं कशी दुबळी होतात, सगळ्या प्रांताने आमच्यापासून कसा धडा घ्यावा. जितका ताव, तितका झोका मोठा.

"डॉक्टर, जरा आकडा बघता?"

दोन हजार चारशे.

त्यांनी यंत्राकडे पाहिलं. मग गल्लीकडे. पाचवीचा वर्ग आपापल्या आज्यांशेजारी ओळीने झुलत होता. एलिएसेरनी टोपी तोंडावर ओढली.

"म्हणजे ही सगळी...?"

"हो."

"अहो, मी गव्हर्नरना कळवलंय!"

त्या हसल्या नाहीत. मेडल पिशवीतच राहिलं. "सोमवारपासून पुन्हा मोजायचं. यंत्र शाळेत लावायचं, शाळेतच काढायचं. मी अंगणात उभी राहणार."

मी मुलांना बजावलं, "जास्त नाही, कमी नाही, रोजच्यासारखं वागा." सोमवारी डॉक्टर अंगणात उभ्या राहिल्या. मंगळवारी छत्री घेऊन. बुधवारी दहा वाजता त्या वर्गाच्या दारात आल्या आणि गुरुवारी माझ्या खोलीत, पंख्याखाली. निघताना त्यांनी स्वतःच्या कमरेचं यंत्र काढून माझ्या टेबलावर ठेवलं. दिवसभरात तीनशे नव्वद.

"अहवालात हाच आकडा पहिला लिहिते," त्या म्हणाल्या.

दीड वर्षाने छप्पर आलं. हिरव्या पत्र्याचं, एका कोपऱ्यात गळणारं. पहिल्याच दिवशी भर बारा वाजता मुलं त्याखाली वासरांसारखी उधळली. तोवर यादिरा सातवीत होती. लालबुंद होऊन माझ्यासमोर येऊन थांबली.

"सेन्यो, किती झाली असतील?"

"कोण मोजतंय? यंत्रं केव्हाच परत गेली."

"अरे देवा, मग फुकटच धावले की!" असं म्हणाली आणि पुन्हा पळाली.