पीळ

खड्ड्यातून थोरल्याचा हात तेवढा वर आला आणि फरशीवर चाचपडत सतराचा पाना शोधू लागला. पाना वीतभर लांब पडला होता. शेडच्या दुसऱ्या टोकाला मोटारसायकल खोलून बसलेला धाकटा उठला, त्यानं पायानं पाना त्या हाताकडे सरकवला आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन बसला. पाना घेऊन हात खड्ड्यात नाहीसा झाला. कोणी काही बोललं नाही. दोन वर्षं हे दोघे सख्खे भाऊ एका छपराखाली असंच काम करत होते.

खड्ड्यावर दवाखान्याची जीप उभी होती. चिखलात, चढावर पुढच्या चाकांनीही ओढावं म्हणून गिअरच्या शेजारी जो छोटा दांडा असतो, तो कधीतरी टाकला गेला होता आणि आता काही केल्या निघत नव्हता. अशी चारही चाकांवर अडकलेली गाडी डांबरी रस्त्यावर वळणाला अडते, गुरगुरते, स्टिअरिंग दगडासारखं जड होतं. सकाळी नर्सबाई स्वतः चालवत ती घेऊन आल्या, तेव्हा उतरताना त्यांचे दंड थरथरत होते. शहरातलं लशींचं कोठार पाचला बंद होतं, उद्या तान्ही बाळं घेऊन बायका येतील, तेव्हा गाडी तीनच्या आत द्याच, असं त्यांनी बजावलं. थोरल्यानं विचारलं, दांडा टाकला कुठं? त्या नजर चुकवत म्हणाल्या, "इथंच. कोपऱ्यावर खडी पडलीये ना, तिथं."

आजारी माणूस नर्सशी खोटं बोलतो आणि गिऱ्हाईक मिस्त्रीशी, हे नर्सबाईंना स्वतःच्या धंद्यावरून ठाऊक असायला हवं होतं. थोरल्यालाही ठाऊक होतं, पण आज त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. त्यानं ते खरं मानलं आणि तिथंच फसला.

आधी त्यानं दांडा वरून ओढून पाहिला, मग लाथ घालून पाहिली. मग खाली उतरून दांड्यापासून छोट्या गिअरबॉक्सपर्यंत जाणारी सळई पाहिली. सळई सरळ होती. तिचं रबर झिजलेलं वाटलं म्हणून नवं टाकलं; त्यात पाऊण तास गेला आणि दांडा जिथल्या तिथे. शेवटी सळईच सोडली आणि गिअरबॉक्सची दांडी पान्यानं धरून दाबली. ढिम्म हलेना. डोळ्यात तेल गेलं, मान आखडली, आणि ज्यानं कोणी ही गाडी बनवली त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून झाला. आता एकच उरलं होतं, गिअरबॉक्स खोलायचा. म्हणजे उद्या संध्याकाळ.

आणि उद्या संध्याकाळी इथं धाकटा नसणार होता. त्याची पत्र्याची ट्रंक सकाळपासून भिंतीशी उभी होती. शहरातल्या मोठ्या वर्कशॉपमध्ये त्याला काम लागलं होतं आणि आज दुपारी तो निघणार होता. थोरल्याला खरं तर जीपची पर्वा नव्हती. तो जाण्याआधी त्याला एक गोष्ट सांगायची होती, आणि ती सकाळपासून सांगून होत नव्हती.

गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. एका शिक्षकाच्या गाडीचं पुढचं चाक रस्त्यात निखळलं आणि गाडी चरात गेली. माणसं वाचली, पण शिक्षक पंचवीस जण घेऊन शेडवर आला. थोरल्यानं मागचापुढचा विचार न करता सगळ्यांदेखत धाकट्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, याच्या हातची गाडी यापुढे नेऊ नका, हा एक दिवस माणूस मारेल. धाकटा पांढराफटक पडला. एवढंच म्हणाला, "दादा, शब्द मागे घे." थोरला म्हणाला, "नाही घेत. बोललेला शब्द मी मागे घेत नसतो." झालं. त्या दिवसापासून दोघांच्या तोंडाला कुलूप.

महिन्याभरानं एका गाडीचे नट आवळताना थोरल्याला कोणीतरी फोन आल्याची हाक मारली आणि त्याचा पाना तिथंच थांबला. शिक्षकाच्या गाडीच्या वेळीही असाच फोन आला होता. पुढचं चाक त्यानंच बसवलं होतं. नट नुसते हातानं फिरवून तो फोनकडे धावला होता आणि परत येऊन दुसऱ्याच गाडीखाली शिरला होता. हे त्यानं बायकोलाही सांगितलं नाही. फक्त तेव्हापासून तो प्रत्येक चाकाचे नट दोनदा आवळायचा.

सुरुवातीला दोघांचे निरोप थोरल्याची बायको पोचवायची. त्याला सांग, पंप नीट झालाय; दादाला सांगा वहिनी, तेल संपलंय. दोन महिन्यांत ती कंटाळली. मी काय पोस्टमन आहे का, म्हणून तिनं शेडच्या भिंतीवर एक फळा टांगला आणि मधोमध खडूनं रेघ मारली. डावी बाजू थोरल्याची, उजवी धाकट्याची. वर तिनं सुनावलं, "सुंभ जळेल, पण तुमचा पीळ जायचा नाही." फळा बाकी सोयीचा झाला. कोणती गाडी, काय केलं, एवढं लिहायचं. एकमेकांना काही विचारायची वेळच यायची नाही.

दीड वाजता थोरला पाणी प्यायला वर आला. नर्सबाई दाराशी बाकावर बसून घड्याळ बघत होत्या. धाकटा हात धूत होता. फळ्याच्या उजव्या बाजूला, सकाळी कोरी असलेल्या जागेत, ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: मागे घे.

थोरल्याची कानशिलं तापली. दोन वर्षं गप्प बसला आणि आज निघताना, गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना, फळ्यावर लिहून मागतोय. तो तसाच खड्ड्यात उतरला आणि गिअरबॉक्सच्या पहिल्याच बोल्टवर सगळा राग काढला. पाना सटकला. बोटांची सालपटं निघाली. थोरला खड्ड्यातच मटकन बसला. बोटं ठणकत होती, पण डोळ्यांत पाणी आलं ते त्यामुळे नाही. तो मागतोय ते चूक आहे का? स्वतःशी तरी खरं बोल. तीन वाजता ट्रंक उचलून तो जाईल, आणि मग हा शब्द कुणाकडून मागे घेणार? भिंतीकडून?

तो वर आला तेव्हा हातावरून रक्त गळत होतं. नर्सबाई पिशवी उघडत उठल्या. धाकटाही दोन पावलं पुढे आला आणि थबकला. नर्सबाई बोटांना पट्टी गुंडाळत असतानाच, त्यांच्या डोक्यावरून भावाकडे बघत थोरला बोलला.

"घेतला. शब्द मागे घेतला."

धाकटा आणखी एक पाऊल पुढे आला.

"पंचवीस माणसांत बोललो होतो, ती आता गोळा करता येणार नाहीत. या एक बाई आहेत, त्यांच्यासमोर सांगतो. ते चाक मी बसवलं होतं. नट मी आवळले नव्हते. तुझा हात चांगला आहे. माझ्यापेक्षा चांगला आहे."

नर्सबाईंना काही कळलं नाही, पण हातातली पट्टी त्यांनी सोडली नाही.

"माहीत होतं मला," धाकटा म्हणाला. दोन वर्षांत थोरल्यानं त्याचा आवाज इतक्या जवळून ऐकला नव्हता. "तू नट दोनदा आवळायला लागलास, तेव्हाच कळलं. म्हटलं, आज सांगेल, उद्या सांगेल."

"मग फळ्यावर लिहून मागायची वेळ आणली मी तुझ्यावर."

धाकट्यानं फळ्याकडे पाहिलं. मग जीपकडे पाहिलं. आणि कसनुसा चेहरा करून म्हणाला, "दादा, मी गाडीबद्दल लिहिलं होतं."

"काय?"

"गाडी मागे घे. पीळ पडलाय तिला. पुढची चाकं एक ओढतायत, मागची दुसरंच, मध्ये गिअर आवळून बसलाय. टायरच्या कडा बघ कशा खरवडल्यात. ही काय कोपऱ्यावरून आलेली गाडी आहे?"

दोघांनी नर्सबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. दांडा पुलाजवळच्या चिखलात टाकला होता, काढायचा विसरल्या, आणि तशीच गाडी बारा मैल डांबरावरून आणली. ओरडाल म्हणून बोलले नाही, म्हणाल्या.

थोरला कपाळाला हात लावून खाली बसला आणि हसू लागला. हसता हसता त्याचा आवाज फाटला, तेव्हा धाकट्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. वडिलांच्या वेळेपासूनचं ज्ञान हे. दांडा अडकला तर आधी गाडी सरळ मागे घ्यायची आणि घेता घेता दांडा ओढायचा, पडलेला पीळ उलट्या चालीनं उलगडतो. सहा तास पाने आपटत बसलेल्या थोरल्याला ते सुचलं नव्हतं.

सळई पुन्हा जोडली. थोरला गाडीत बसला, धाकटा मागे उभा राहिला. दहा-बारा हात गाडी मागे गेली असेल नसेल, खालून ठक्क आवाज आला आणि दांडा लोण्यातून सुरी निघावी तसा निघाला.

पण धाकट्याचं समाधान झालं नाही. बारा मैलांत इतका घट्ट पीळ पडत नाही, म्हणाला. त्यानं सुतळी घेऊन पुढच्या चाकाला वेढा घातला, मोजून गाठ मारली आणि तीच सुतळी मागच्या चाकाला लावली. चार बोटं कमी पडली. डोळ्यांना सारखी दिसणारी चाकं सारखी नव्हती, म्हणून पीळ इतका घट्ट.

"पुढचे टायर मी टाकले, गेल्या महिन्यात," थोरला म्हणाला.

"मागचे मी. त्याच्या पुढच्याच आठवड्यात."

फळ्यावर दोन्ही बाजूंना ते अजून होतं. दवाखाना जीप, दोन टायर. दवाखाना जीप, दोन टायर. माप कुणीच लिहिलं नव्हतं, आणि विचारायचं तर बोलावं लागलं असतं. थोरल्यानं नर्सबाईंना सांगितलं, आज अशीच न्या, छोट्या दांड्याला हात लावू नका, मागचे दोन मी बदलून देतो. चूक आमची आहे.

मग तो भावाकडे वळला. जे दोन वर्षांत जमलं नव्हतं ते आज एकदा जमलं होतं, तेव्हा दुसऱ्यांदाही जमेल असं त्याला वाटलं. "थांब ना," तो म्हणाला.

धाकट्यानं सुतळीची गाठ सोडवली. बराच वेळ सोडवत होता. "तिकडे शब्द दिलाय, दादा. तो आता मागे नाही घेता येत."

थोरल्यानं मान हलवली. ट्रंक त्यानंच उचलून जीपमध्ये ठेवली. नर्सबाईंचे दंड भरून आले होते म्हणून शहरापर्यंत गाडी धाकटाच चालवणार होता. निघण्याआधी थोरल्यानं चारही चाकांचे नट आवळले, एकदा, आणि मग पुन्हा एकदा. धाकटा स्टिअरिंगवर हात ठेवून थांबून राहिला.

शेडमधून रस्त्यावर गाडी मागेच घ्यावी लागते. थोरला मागे जाऊन उभा राहिला आणि पट्टी बांधलेला हात हलवत, नेहमीसारखा, जीप आपल्याकडे बोलावू लागला. येऊ दे. येऊ दे. जीप हळूहळू त्याच्या दिशेनं येत राहिली. आरशात धाकट्याचे डोळे दिसत होते. मागची चाकं डांबरावर टेकली. इथं बास म्हणायचं असतं. थोरला आणखी दोन पावलं मागे सरला आणि म्हणाला, "येऊ दे."