पहिल्या खुर्चीचा कारागीर

दोघा भावांच्या सलूनमधली पहिली खुर्ची थोरल्याची. तिथे त्याच्या तोंडाचा पट्टा कात्रीपेक्षा जोरात चाले. मग घशाचा कॅन्सर निघाला आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. जीव वाचला. आता गळ्याखाली एक भोक होतं, श्वास तिथूनच. बोलायचं तर त्यावर अंगठा दाबायचा, मग आत बसवलेल्या झडपेतून घोगरे शब्द येत. म्हणजे एक हात बोलण्यातच अडकणार.

"दादा, कापलेले केस त्या भोकात गेले तर?" तो कामावर आला तसं धाकट्याने विचारलं. "तू घरी आराम कर. मंगळवारपासून तुझ्या खुर्चीवर दुसरा माणूस ठेवतो."

भावाची काळजी खरी होती, म्हणून तर थोरल्याला जास्त राग आला. आठ महिने आराम करून त्याला आरामाचाच वीट आला होता. त्याने गळ्याला एक पातळ फडकं बांधलं, त्यावरून अंगठा दाबला.

"एक डोकं दे. बिघडवलं तर जातो घरी."

धाकटाही कमी नव्हता. त्याने दिलं ते पोस्टमास्तरांचं डोकं. तीस वर्षांचं गिऱ्हाईक, पण कानाजवळचा कल्ला जरा कमी-जास्त झाला की सलून डोक्यावर घेणारं.

कात्री सुरू झाली. सवयीने थोरल्याचे ओठ हलले, आवाज काही निघाला नाही. आरशात ते बघून तो स्वतःशीच ओशाळला. ऑपरेशननंतर उजवा हात खांद्याच्या वर उचलत नव्हता, म्हणून त्याने खुर्ची खाली घेतली. मान वळत नव्हती, तर तो स्वतःच खुर्चीभोवती फिरला. पाठ घामाने भिजली, पण त्याने घाई केली नाही. धाकटा शेजारच्या खुर्चीचं काम सोडून बघत राहिला होता.

मास्तर मात्र चक्क घोरत होते.

जागे झाल्यावर त्यांनी दोन्ही कल्ले तीन-तीनदा निरखले. खोट काही सापडेना. "वा रे वा! तीस वर्षांत पहिल्यांदा या खुर्चीत डोळा लागला. पुढच्या महिन्यातही असंच, गुपचूप!"

धाकटा हसला आणि त्याने मान डोलावली. खुर्ची थोरल्याचीच राहिली होती. त्याला बरं वाटलं, आणि मास्तरांचं ते 'गुपचूप' मनाला लागलंही. ते उठू लागले तसा त्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, कात्री बाजूला ठेवली आणि अंगठा गळ्याशी नेला.

"बसा मास्तर. माझं बोलणं राहिलंय."

मास्तर मुकाट्याने बसले.